बिनकाट्याची गाडी

ती गाडी टेम्पोतून खाली उतरवली तेव्हा मी अंबडच्या आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी होते, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अहो, हिची बाकीची गाडी कुठाय?"

चार चाकं होती. जाड, बुटकी, फुगा फुगवून मध्येच सोडून दिल्यासारखी. मधोमध मोटरसायकलचं इंजिन, त्यावर खोगिराएवढी सीट. दार नाही, टप नाही, मागे कुणी बसायची सोय नाही. पण खरा धक्का मला बसला तो हँडलपाशी. तिथे वेग दाखवणारा काटाच नव्हता! आमच्या घरच्या मोपेडलासुद्धा काटा होता, आणि ती तर दूधवाल्याच्या सायकलच्या मागे राहायची.

"एकशेवीस पळते, वहिनी," गाडीचा मालक म्हणाला. सटाण्याकडचा कांद्याचा व्यापारी. त्या साली कांद्याने त्याला हात दिला होता, आणि त्याने मुंबईतून ही परदेशी क्वाड, म्हणजे चारचाकी मोटरसायकल, उचलली होती. शर्यतीची.

"कशावरून?" ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं, गिअर आणि स्प्रॉकेट कापायचं. मालेगावच्या यंत्रमागांची दात्यांची चक्रं आमच्याकडून जायची.

"आता इकणाराच म्हणाला ना! शेठ, मला फक्त दीडशे करून द्या. तुमच्याकडे चक्रं हायेत, दाते हायेत, लावा मोठं काहीतरी."

"दीडशे सोडा. खरे शंभर मिळाले तरी पेढे वाटा."

"शंभर? शंभर तर ती झोपेत पळते!"

एवढ्यात आतून आमची लेक आली. डिप्लोमा झालेली, मेकॅनिकल. कोपरापर्यंत ग्रीस, ओढणी कमरेला गाठ मारलेली. आली ती थेट गाडीपाशी उकिडवी बसली आणि चेनकडे असं बघायला लागली की मी इतक्या कौतुकानं कुणा मुलाच्या फोटोकडे तिला बघताना कधी पाहिलं नव्हतं. दुखणं तेच होतं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, स्वतःला भलतीच धोरणी समजत असे. नाशिकरोडचं एक उत्तम स्थळ मी हेरून ठेवलं होतं. मुलाच्या आईची एकच अट, सून कारखान्यात जाणारी नको. मी म्हटलं होतं, छे हो, घरीच असते, वडिलांना डबा नेऊन देते तेवढंच. डबा मीच नेत होते.

त्या संध्याकाळी घरी आमची जुंपली. मी म्हणत होते, पुरे झालं लोखंड. लेक म्हणत होती, मला वर्कशॉपच चालवायचंय. हे दोघींच्या मध्ये बसून भाकरी मोडत होते. शेवटी म्हणाले, "हे बघा. त्या गाडीचं काम एकटी ही करणार. शंभरी गाठली, तर वर्कशॉपमध्ये हिची जागा कायमची, स्थळाचं नाव काढायचं नाही. नाही गाठली, तर तुझी आई म्हणेल तसं."

"चालेल," लेक म्हणाली.

मी वरवर नाक मुरडलं. पण रात्री सगळे झोपल्यावर मी कालिकेला नारळ बोलले. कशासाठी? तर पोटच्या पोरीचं काम फसावं म्हणून! आता आठवलं की मलाच माझी शरम वाटायला हवी, पण हसूच जास्त येतं. देवी तरी काय म्हणाली असेल.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला ओट्यापाशी ती भानगड समजावली. "आई, सायकलचं बघ. पुढचं चक्र मोठं केलं तर एका पायडलला मागचं चाक जास्त फिरतं. म्हणजे वेग जास्त. पण पायाला जोरही जास्त लागतो."

"मग मोठंच लाव की. इंजिनाला कुठे पाय आहेत दुखायला!"

हे मी बोलले. बी.ए., मराठी विषय घेऊन.

लेक हसली, पण त्या कांदेवाल्यालाही हेच हवं होतं. म्हणून तिने आधी त्याचंच ऐकलं. पुढचं चौदा दात्यांचं स्प्रॉकेट काढून सोळाचं बसवलं. इंजिनाचे फेरे, गिअर, मागचं चक्र, टायरचा घेर, सगळं गुणून-भागून तिने कागदावर आकडा काढला. एकशेवीसवर गेला. तो आकडा मी दोनदा वाचला. नारळ वाया जातोय की काय!

अंबडच्या पलीकडे नवे प्लॉट पाडले होते, कारखाने अजून यायचे होते. मधून एक सरळसोट डांबरी रस्ता, त्यावर फक्त शेळ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. क्वाडला काटा नाही, म्हणून तिच्या बरोबरीने आमची जुनी व्हॅन पळवायची आणि व्हॅनच्या काट्यावर वेग बघायचा, असं ठरलं. व्हॅन हे चालवणार. काटा वाचायचा कुणी?

"हीच वाचेल," हे कांदेवाल्याला म्हणाले. "मी पोरीचा बाप, दोन-चार वाढवून सांगेन. हिला ती नापास व्हायला हवी आहे, ही एक आकडा वाढवणार नाही."

मी चमकले. नारळाचं ह्यांना कुणी सांगितलं?

लेकीने हेल्मेट घातलं, किक मारली. आवाज असा की शेळ्यांबरोबर मीही दोन पावलं मागे सरले. गाडी सुटली. आम्ही व्हॅनमधून मागोमाग. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. काटा चाळीस, पन्नास, साठ. चौथ्यात बासष्ट. आणि मग तिने पाचवा टाकला तशी गाडी... हळू झाली! मी काटा बघतेय, डोळे चोळतेय. अठ्ठावन्न. पंचावन्न. वरचा गिअर टाकल्यावर वेग कमी होतो हे मी आयुष्यात प्रथम बघत होते. आमच्या बाजूने एक दूधवाला कॅन बांधलेली मोटरसायकल घेऊन पुढे निघून गेला. वळून हसलासुद्धा.

थांबल्यावर कांदेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "ताई बसल्या ना. लेडीजच्या हातात घोडी पळत नाही. सरका." तो स्वतः बसला. तो लेकीच्या दीडपट. काटा पंचेचाळीसवर आला.

"आता तुमच्या वजनाला कुठला गिअर लावू, काका?" लेकीने विचारलं. पण तिचा आवाज कोरडा होता. कागदावर एकशेवीस आणि रस्त्यावर साठ! निम्म्याचा फरक. मी जिंकत होते, आणि मला गंमत का वाटत नव्हती ते मला कळेना. कांदेवाल्याबरोबर आलेले त्याचे दोन मित्र खो खो हसत होते. त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते व्हॅनमागे जाऊन हसले.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर लेकीने सोळाचं चक्र उतरवलं आणि तेराचं बसवलं. म्हणजे पहिल्यापेक्षाही लहान.

"अगं वेडी का खुळी! कमी दात्यांनी वेग वाढतो होय?"

"वाढतो, आई. इंजिनाला पाचवा गिअर ओढवतच नव्हता. ओढवेल एवढाच घास द्यायचा."

पुन्हा तोच रस्ता. काटा बहात्तरवर गेला. दाते कमी, वेग जास्त! मी हादरलेच. लहानपणापासून मी ज्या ज्या गोष्टी मोठ्या म्हणून चांगल्या समजून घेतल्या होत्या, त्यात आमचा घरचा फ्रिजही होता, त्या सगळ्यांचा मला एकदम संशय आला. पण बहात्तर म्हणजे शंभर नव्हे. लेक गाडीवरून उतरली आणि नुसती उभी राहिली. संध्याकाळ झाली तशी हे म्हणाले, "उद्या सोडून देऊ." ती म्हणाली, "आणखी एक दिवस, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर तिने गाडी मागून जॅकवर चढवली होती. मागचं चाक हाताने फिरवत होती आणि कान लावून ऐकत होती. चाक फिरलं, थांबलं, आणि थांबल्यावर आतून आवाज आला. डुबुक. डुबुक. भरलेली कळशी कडेवर घेऊन चालावं तसा.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग ती तावातावाने बाहेर गेली, मी तिच्यामागे. कांदेवाला ह्यांच्याबरोबर टपरीवर चहा पीत होता.

"काका, टायरात पाणी भरलंय?"

"मंग!" तो अभिमानाने म्हणाला. "मागची दोन्ही. मागून उड्या मारत होती ना. नांगरटीला आपण ट्रॅक्टरला नाय का भरत पाणी? त्याबिगर पकड येईल का? आमचा टायरवाला तर म्हणत होता, एवढ्याशा चाकात पाणी भरायचं काम त्याने पहिल्यांदाच केलं. फुल भरलंय, काळजी करू नका."

लेक मटकन कट्ट्यावर बसली. ह्यांच्या हातातला चहाचा ग्लास तसाच. मी शेतकऱ्याच्या घरातली, माझ्या माहेरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरलेलं मी शंभरदा बघितलंय. तरी ह्या खेळण्यात कुणी पाणी भरेल ही कल्पना मला शिवली नव्हती. "अहो भाऊ," मी म्हटलं, "ही शर्यतीची गाडी आहे. हिने काय गहू पेरायचा?"

"पण उड्या तर बंद झाल्या ना, वहिनी!"

पाणी काढायला दुपार गेली. व्हॉल्व्हमधून पिचकारी सुटली ती वर्कशॉपच्या दारातून गटारापर्यंत. शेजारच्या कारखान्यातला वॉचमन धावत आला, त्याला वाटलं पाइप फुटला. टायरमधून पाणी येतंय हे बघून तो आला तसा परत गेला. लेकीने टायर सुकवले, हवा भरली, आणि या वेळी मूळचं चौदाचं स्प्रॉकेट परत लावलं. "पाणी गेलंय, आता इंजिन एवढं ओढेल," म्हणाली. मी विचारलं, "कागदावर किती?" ती म्हणाली, "एकशेपाच. पण टायर माणसाच्या वजनाने दबतो, म्हणजे घेर कमी. आणि वारा कागदावर नसतो."

त्याच संध्याकाळी शेवटच्या फेरीला कांदेवाला रस्त्याच्या टोकाला उभा राहिला. आम्ही व्हॅनमध्ये. लेकीने गाडी सोडली आणि मी खरंच घाबरले, कारण ती गेली! अशी गेली की व्हॅन मागे खडखडत राहिली. ह्यांनी पाय दाबला. साठ, सत्तर, ऐंशी. व्हॅनचे आरसे थरथरायला लागले. आता आम्ही तिच्या बरोबरीने. लेक हँडलवर वाकलेली, ओढणी कमरेत घट्ट. पाचवा गिअर पडला आणि या वेळी वेग कमी झाला नाही. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. एक्क्याण्णव.

आणि काटा तिथे चिकटला. रस्ता संपत आला. एक्क्याण्णव.

आता दुसरं काही करायचं नव्हतं, मी फक्त दिसतंय ते बोलायचं. एक्क्याण्णव. नारळ फोडायचा, नाशिकरोडला फोन करायचा, पत्रिका छापायच्या. आणि माझ्या कानांनी माझंच तोंड ओरडताना ऐकलं, "शंभर! शंभर झाले हो, शंभर!"

मला एवढा धक्का बसला की मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

कांदेवाला टाळ्या वाजवत आला. लेकीने हेल्मेट काढलं, केस कपाळाला चिकटलेले. "किती?"

"शंभर," मी म्हटलं.

तिने डोळे बारीक केले. "शक्य नाही. पाचव्यात इंजिन कुठे चढणं थांबलं ते मला ऐकू आलंय. नव्वद असेल, फार तर ब्याण्णव. आई, तू खोटं बोलतेस."

"अगं कार्टे, तुझ्यासाठी..."

"एक्क्याण्णव होते," हे शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही रस्ता बघत होतात ना!"

"काटा गाडी चालवणाऱ्याच्या नाकासमोर असतो," हे म्हणाले. "तू तर वाकून वाकून बघत होतीस."

सत्तेचाळीस वर्षांची धोरणी बाई! दोन दिवस मी जबाबदारीने मोठ्यांदा आकडे वाचत होते, आणि जो माणूस व्हॅन चालवत होता त्याला ते सगळे दिसत होते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

लेक कांदेवाल्याकडे वळली. "काका, तुमची गाडी नव्वद पळते. आत्ता पळाली तेवढीच. एकशेवीस ती कधीच पळणार नाही. मी अजून मोठं चक्र लावून देऊ शकते, तुम्हाला बरं वाटेल, पण गाडी हळू होईल. तिला असंच ठेवा. आणि टायरात पाणी नको."

बोलून झाल्यावर तिला आठवलं की तिने आत्ता काय घालवलं. मला दिसलं ते. तिने ओठ आत ओढून घेतला आणि ती सोबत आणलेला जॅक उचलायला वाकली.

कांदेवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग ह्यांना म्हणाला, "शेठ, मुंबईवाल्याने मला एकशेवीस सांगितलं. सटाण्यात मी दीडशे सांगितलं. तुमच्या मिसेसनी शंभर सांगितलं. ही एकटी पोरगी नव्वद सांगते." डोकं खाजवत पुढे म्हणाला, "माझ्या कांदाचाळीवर माल चाळायचं मशीन हाय, त्याची चेन रोज उतरते. पुढच्या आठवड्यात हिला पाठवता का?"

"तिला विचारा," हे म्हणाले. "वर्कशॉपचं बाहेरचं काम आता तीच बघते."

लेक जॅक हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली. मी ह्यांच्याकडे बघितलं. शंभर कुठे झाले होते? पण त्या दिवशी मी आकड्यांबद्दल बोलण्यासारखी राहिले नव्हते.

रात्री जेवणं चालू असताना मी नाशिकरोडला फोन लावला. मुलाची आई म्हणाली, "काय हो, ह्या रविवारी येताय ना?" एरवी मला पटकन काहीतरी रचता आलं असतं. पण संध्याकाळीच पकडली गेले होते, काही सुचेना. म्हणाले, "नाही जमणार. मुलीला काम लागलंय."

"अगंबाई! कुठे?"

"अंबडला. कारखान्यात."

मग बाईंनी विचारलं, "पगार किती?"

हे मला माहीतच नव्हतं. मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि ह्यांना ओरडून विचारलं, "अहो, हिला पगार किती देणार?"

ह्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी लेकीकडे बोट केलं. लेक पाणी प्यायली, तिने ग्लास खाली ठेवला, आणि एक आकडा सांगितला.

ह्यांना असा ठसका लागला की मी फोन टाकून त्यांची पाठ थोपटायला धावले.