नातेवाईकाचा अंगठा

आज मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. शिरूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलचा काउंटर.

मंडळी, आमच्या स्टँडसमोर सणसवाडीचा एक कामगार टेम्पोखाली आला. बेशुद्ध होता, जीभ मागे पडून श्वास अडत होता. मी निवृत्त सिस्टर. जीपमधून त्याचा जबडा दोन्ही हातांनी पुढे धरूनच आणला.

क्लार्क म्हणाला, "आजी, पोलीस केस हाय. आधी नातेवाईकाची सही."

"हात सोडले तर हा गुदमरेल. सही काय नाकानं करू?"

"मग अंगठा द्या की!"

त्यानं शाईचं पॅड आणि फॉर्म माझ्या हातापाशी आणला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मी, जबडा न सोडता, आयुष्यात पहिल्यांदा अंगठा लावला.

"नातं काय लिहू?"

"आई."

तेव्हा कुठे डॉक्टर आले, घशात नळी घातली, ऑक्सिजन लावला. तो वाचेल म्हणतात.

घरी येऊन तीनदा हात धुतले, शाई जात नाही. हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून इथे लिहितेय. उद्या मलाच असं आणलं, तर अंगठा कोण देणार?

हॉस्पिटलचे मालक या ग्रुपवर आहेत. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मला याचं लेखी उत्तर हवं.