मधली नळी

हे आत्ताच सांगायला पायजे. घरी जाऊन अंघोळ केली की माझी हिंमत जाईल, म्हणून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसूनच टाईप करायलेय. नाकात सोयाबीनचा भुसा आहे, बोटं ग्रीसनं चिकट आहेत, स्क्रीनवर डाग पडायलेत. चुका झाल्या तर पदरात घ्या.

आमच्या घरी शेती थोडी आणि ट्रॅक्टरची कामं जास्त. जूनमधे लोकांची पेरणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी, नंतर नांगरट, असं वर्ष जातं. माकणीच्या बाजूला अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, सगळे ओळखतात, कारण त्यांनी पेरलेला तास, म्हणजे पेरणीची ओळ, दोरी धरल्यासारखा सरळ असतो. उगवून आल्यावर लोक गाडी थांबवून बघतात आणि कुणाचा ट्रॅक्टर होता म्हणून विचारतात. ह्या उन्हाळ्यात अण्णांचा मणका गेला. डॉक्टर म्हणले, ट्रॅक्टरच्या सीटवर परत बसायचं नाही. ड्रायव्हर शोधला, मिळाला नाही. मग मी म्हणलं, मी करते.

नांगरट मी दोन वर्षं करतच होते. पेरणी तेवढी कधी केली नव्हती. पेरणीला मी कायम मागं. मागं म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या पेरणी यंत्राच्या फळीवर. वर बियांची लांब पेटी, खाली नऊ नळ्या, नळीतून बी मातीत. फळीवरच्या माणसानं फक्त नळ्यांकडं बघायचं. कुठली चोंदली की थांबवायचं, कारण चोंदलेल्या नळीचा तास रिकामा जातो आणि वरून माती सारखीच दिसते, काही कळत नाही. शाळेत होते तेव्हापासून ते काम माझं. ट्रॅक्टरच्या आवाजात अण्णांना ऐकू जावं म्हणून मी पत्र्यावर पाना वाजवायची.

मी पेरणी करणार हे कळल्यावर चहाच्या टपरीवर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणला, "अण्णांनी ट्रॅक्टर पोरीला दिलाय म्हणं. आता हिकडनं काढलेला तास येरमाळ्याला जाऊन निघतंय बघा." सगळे हसले, कारण येरमाळा इथनं लांबच्या लांब. मी पण हसले. पण ते वाक्य डोक्यात जाऊन बसलं, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं असं मला वाटतं. का वाटतं ते सांगते.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे चाचा. अण्णांच्या वयाचे, डांबरी रस्त्याला लागून त्यांचं रान, पलीकडच्या टोकाला विहीर. गुडघ्यानं जाम झालेत, तरी पेरणीच्या दिवशी टोपी घालून बांधावर हजर.

"मागं कोण हाय गं बेटा?" त्यांनी विचारलं.

"कुणीच न्हाय चाचा. माणूस मिळंना."

"मग म्या येतो की फळीवर."

"बसा हो तुम्ही सावलीला. नऊच्या नऊ नळ्या माझ्या पाठ हायेत."

चाचा हसले. म्हणले, "तू हायस म्हणल्यावर म्या कशाला बघू," आणि लिंबाखाली जाऊन बसले.

विहिरीच्या बाजूनं सुरू केलं. वापसा मस्त होता, म्हणजे माती ओली पण मऊ. पहिल्या तीन-चार फेऱ्या मी प्रत्येक वळणावर उतरून नळ्या बघितल्या. मग रस्ता जवळ यायला लागला. रस्त्यावरनं सास्तूरकडं जाणाऱ्या मोटरसायकली, प्रत्येकजण मान वळवून बघणार, आणि माझ्या डोक्यात येरमाळा. एका वळणावर ट्रॅक्टर जरासा तिरपा लागला. बोटभर असेल. तास वाकडा निघेल म्हणून मी गिअर टाकून मागं घेतला, सरळ केला आणि पुढं निघाले. यंत्र उचललं नव्हतं.

ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यंत्र मातीत टेकलेलं असताना ट्रॅक्टर हातभर पण मागं घ्यायचा नसतो. नळीच्या तोंडात चिखल बसतो. हे मला शाळेपासून माहीत आहे. आणि त्याच्यानंतर मी नळ्या बघायला एकदा पण उतरले नाही, कारण आभाळ भरून आलं होतं, पुढच्या दोघांचे फोन चालू होते, आणि तास सरळ जायले म्हणून मी खुशीत होते.

रान संपल्यावर पेटी उघडली. सगळीकडं बी तळाला गेलेलं, आणि बरोबर मधे बियांचा एक ढिगारा. तसाच. जसा टाकला तसा. मी वाकून बघितलं, मधल्या नळीत चिखलाचं बूच बसलेलं. म्हणजे त्या वळणापासून रस्त्यापर्यंत प्रत्येक फेरीत मधला तास रिकामा. मी हातानं ढिगारा सारखा केला. तुराटीच्या काडीनं नळी मोकळी केली. हे सगळं मी किती घाईनं केलं ते आता आठवलं तरी लाज वाटते.

चाचा लंगडत आले. "झालं का बेटा?"

"झालं चाचा."

बस. एवढंच बोलले. खोटं म्हणावं तर खोटं पण नव्हतं. झालंच होतं की.

सोयाबीन उगवायला आठवडा तरी लागतो. तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. दुसऱ्यांची पेरणी करायची, दर वळणाला उतरून नऊ नळ्या दोन-दोनदा बघायच्या, आणि चाचांच्या रानावरनं जाताना मान दुसरीकडं करायची. जमिनीत काय आहे ते मला एकटीला माहीत होतं. लपवलं म्हणावं तर ते पण धड लपलेलं नाही, कारण जमीन स्वतःच सांगणार होती, आणि ते पण रस्त्याच्या कडेला.

मग एका सकाळी चाचांचा फोन. "लगेच ये. बघ काय झालंय."

गेले. रस्त्याला चाचा उभे, शेजारी दोन शेतकरी, मोटरसायकल स्टँडवर लावलेली. रानात हिरव्यागार ओळी, एकदम सरळ, आणि ठराविक अंतरावर एक-एक ओळ रिकामी. मधलीच नळी बंद होती ना, त्यामुळं जाताना आणि येताना अंतर सारखंच पडलं. आठ तास, एक रिकामा, आठ तास, एक रिकामा. आखून काढल्यासारखं.

"हेच ते," एकजण म्हणत होता. "मोबाईलवर दाखवतेत बघा, पट्टा पद्धत. फवारायला मधनं मोकळं चालता येतंय, पीक तुडवत न्हाय, हवा खेळती."

चाचा माझ्याकडं बघून असे हसले, जसं मी परीक्षेत पहिली आले. "सांग गं ह्यांला कसं केलंस. मला तर बोलली बी न्हाय. गुपचूप करून मोकळी."

मला तेव्हा सांगता आलं असतं. तिघं होते, सकाळ होती, कुणाला घाई नव्हती. मी म्हणलं, "मधली नळी बंद राहिली की होतंय."

"एवढंच?" मोटरसायकलवाला म्हणला. "मग आमच्यात बी तसंच करून दे."

आणि मी दिलं करून. त्याचं आणि अजून एकाचं. मधल्या नळीत चिंधी कोंबून. चूक एकदा नकळत झाली होती, ती आता मी मुद्दाम करत फिरत होते आणि लोक शाबासकी देत होते. टपरीवरचा तोच माणूस म्हणला, "अण्णांपेक्षा पोरगी शिकल्याली निघाली." हे ऐकायला मी किती दिवस वाट बघितली होती. आणि ऐकल्यावर मी अर्धा चहा तसाच ठेवून निघाले.

अण्णांना कुणीतरी सांगितलंच. ते कमरेला पट्टा लावून हळूहळू चाचांच्या रानात आले. रस्त्यावर थांबले नाहीत. सगळं रान चालत विहिरीपर्यंत गेले आणि तिथं उभे राहिले. मी मागं. तिथं पहिल्या फेऱ्यांचे नऊच्या नऊ तास भरलेले होते.

"मुद्दाम केलं असतं तर पयल्या फेरीपासनं असतं," अण्णा म्हणले. "मागं घेतलास का?"

"व्हय."

"त्यांला सांगितलंस?"

"न्हाय अजून."

"सांग," म्हणले आणि परत फिरले. त्याच्यानंतर चार महिन्यात एकदा पण त्यांनी विषय काढला नाही. चाचांना पण त्यांनी स्वतः सांगितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. रोज जेवताना भाकरी मोडायचे, माझ्याकडं बघायचे आणि "वाढ" एवढंच म्हणायचे.

चाचांचा गुडघा असा, की ते विहिरीपर्यंत कधी गेलेच नाहीत. रस्त्याच्या बाजूनं जेवढं दिसतं तेवढंच त्यांनी बघितलं आणि तेच लोकांना दाखवलं. बाजारात, दुकानात, नमाजाहून येताना. "आमच्या बेटीनं केली पद्धत." मी पोळ्याच्या आधी सांगणार होते, मग म्हणलं गणपती होऊ दे, मग म्हणलं काढणी होऊ दे.

आज त्यांची मळणी. कापलेल्या सोयाबीनची गंजी रस्त्याकडंला, आमचं मळणी यंत्र सकाळपासून चालू, भुश्याचा लोट उडतोय, चाचा तोंडाला रुमाल बांधून खुर्चीवर. यंत्राचा पट्टा सैल झाला म्हणून मी ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं. नेमका तेव्हा मोटरसायकलवाला शेतकरी भाव विचारायला आला, आणि चाचांनी परत सुरू केलं, ह्या पोरीनं म्हणं काय डोकं लावलं.

"चाचा," मी म्हणलं, "ती पद्धत न्हवती. मधली नळी चोंदली होती."

ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझं तोंड बघून त्यांनी रुमाल खाली घेतला.

"म्हंजे आमच्या रानात आमी तुझी चूक पेरली व्हय?" मोटरसायकलवाला म्हणला आणि खो-खो हसायला लागला. "चांगली आली की पण. अजून कर चुका."

चाचा हसले नाहीत. "तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. पेटी उघडल्यावर."

"म्हंजे म्या झालं का म्हणलो, तवा तुला माहीत होतं?"

"व्हय."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणले, "नळीचं काय न्हाय. नळी चोंदतीच. तवाच बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी आमी घरच्यांनी हातानं टोबलं असतं बी. पण म्या चार महिने लोकांला सांगत फिरलो की गं."

मला वाटत होतं त्यांचे तास गेले, सोयाबीन गेलं, त्याचा राग येईल. सोयाबीनचं त्यांना काहीच नव्हतं, रास तर शेजाऱ्यांच्या बरोबरीची पडली. माझ्यामुळं ते लोकांत नकळत खोटं बोलत फिरले, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी चार महिने फक्त माझ्या नावाची काळजी केली.

पट्टा चढवला, परत चालू केलं, गंजी संपवली. शेवटचं पोतं शिवल्यावर त्यांच्या घरनं चहा आला. पहिला कप त्यांनी मला दिला.

"पुढल्या साली फळीवर म्या उभा राहणार," ते म्हणले.

"गुडघा दुखंल चाचा."

"गुडघ्याचं म्या बघतो. तू सरळ हाक."

"आणि मधला तास?"

"रिकामाच ठेवायचा. फवारायला बरं पडलं, खोटं कशाला बोलू." चहाचा घोट घेऊन म्हणले, "पण चिंधी माझ्या हातानं कोंबणार."

ते आता घरी गेलेत. मी इथंच बसलेय. अण्णांना फोन केला, सांगितलं म्हणलं. ते म्हणले, "बरं. पट्ट्याचे बोल्ट आवळून मग नीघ." एवढंच. पण फोन लगेच ठेवला नाही.

चाचांनी काम माझ्याकडंच ठेवलं ह्याचा आनंद मानू, का आता ते माझ्या मागं उभे राहून नळ्या बघणार ह्याचं वाईट वाटून घेऊ, मला खरंच कळंना. दोन्ही एकदम व्हायलंय. तुमच्या हातनं कधी अशी चूक झालीय का, जिचं लोकांनी कौतुक केलं? तुम्ही सांगितलं का? आणि सांगायला किती दिवस लागले?