सावंतांच्या म्हशीची वर्गणी

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत किस्से शोधायला लांब जावं लागत नाही. सकाळी नळावर हंडा घेऊन उभं राहिलं की पुरे! मला लोकांच्या घरात डोकवायची खोड आहे, असं काही जणी म्हणतात. म्हणोत. दारं उघडी ती ठेवतात, आणि दोष माझ्या मानेला!

त्या दिवशी नळावर शांता सांगत होती, "सावंतांनी कसायाकडून गाय सोडवली हो! अख्खा पगार दिला! आणि म्हणे तिच्या पोटात..."

तेवढ्यात पाणी आलं. पाण्यापुढे गाईला कोण विचारतो? शांतेचं वाक्य तिथंच राहिलं. दुपारपर्यंत चाळीनं ते आपापल्या परीनं पुरं केलं. कोणी म्हणे वासरू, कोणी म्हणे खिळा. जोशीकाकूंनी तर तेहतीस कोटी देव सांगितले!

* * *

मी हळदकुंकू नि गोग्रास घेऊन सावंतांच्या मागच्या अंगणात गेले. तिथं ही काळीकभिन्न म्हैस बसलेली!

"सावंत, गाय कुठाय?"

"गाय कोण म्हणालो? म्हस आसा ती, वहिनी!"

तबेल्यांतली भाकड जनावरं त्या वेळी आमच्याच रस्त्यानं वांद्र्याच्या कत्तलखान्याकडे चालत नेत. ही आमच्या दारात बसली ती उठेचना. खुरात जखम, जखमेत किडे. हाकणारा शेपूट पिरगाळत होता. सावंत गिरणीतून रखडलेला पगार घेऊन येत होते. तो पगार त्यांनी हाकणाऱ्याच्या हातात ठेवला.

तेव्हापासून सावंतीण म्हशीशी बोलत होती, नवऱ्याशी नाही.

* * *

गुरांचे डॉक्टर आले. "पू अंगात भिनलाय. रोज इंजेक्शन हवं. दोन दिवस तोंडाला काही लावलं नाही, हे जास्त वाईट. आपणहून काही खाल्लं, तर जगली समजा."

इंजेक्शनाला पैसे कुठले? मग काढली वर्गणी. वही माझ्याकडे, कारण मी चौथी पास.

गणपतीच्या वर्गणीची आमची एक रीत आहे. पहिलं नाव मोठ्या आकड्याचं हवं, म्हणजे खालच्यांना लाज वाटते. म्हणून आधी जोशांकडे गेलो. हेडक्लार्क माणूस!

"गाय असती तर एकावन्न दिले असते," जोशी म्हणाले. "म्हैस म्हणजे यमाचं वाहन."

"यमाचं वाहन रेडा हो!" मी म्हटलं. "ही त्याच्या घरची मंडळी. कशाला नाराज करता?"

जोशांनी मुकाट्यानं एकावन्न लिहिले. पुढं लिहिलं, 'पहिलीला देतो'.

मग काय! सगळ्या चाळीनं झकास आकडे लिहिले, आणि सगळ्यांनी 'पहिलीला देतो' असंच लिहिलं. लाज वाटायची ती अशी वाटली!

रोख दिले ते चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या एकट्या हिराबाई कोळणीनं. पाटी उतरवून कनवटीचा रुपया काढला. मी वही उघडली तर म्हणाली, "माजा नाव कशाला लिवतेस? म्हस वाचनार हाय?"

* * *

तेवढ्यावर इंजेक्शनं किती दिवस चालणार? जोशांनी तोडगा काढला. त्यांचा मेव्हणा गाणार, तिकीट चार आणे, कार्यक्रम अंगणातच! मेव्हण्यानं पहिली तान घेतली, आणि तीन दिवस मुकी असलेली म्हैस जी रेकली!

लोकांनी वन्समोअर दिला. मेव्हण्याला वाटलं, आपल्यालाच.

डॉक्टर म्हणाले, "आवाज आला, चांगलं आहे. पण खाल्लं का?"

खाल्लं नव्हतं. हिरवा चारा, पेंड, गूळ, सगळं झालं. जोशीकाकूंनी आदल्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी पाठवली, तिच्याकडे तर म्हशीनं पाठच फिरवली. सावंत रात्रपाळी करून येत नि तिच्यापुढे गवत धरून बसत. मला म्हणाले, "वहिनी, ही गेली तर आमच्या घरात परत बोलणा काय सुरू होवचा नाय."

* * *

पहिली तारीख उजाडली. गाण्याच्या पैशातलं शेवटचं इंजेक्शन उरलं होतं. मी नि सावंत वसुलीला निघालो. सावंत सदरा घालायला आत गेले, मी वही गव्हाणीच्या काठावर ठेवली आणि पदर खोचला.

वळून बघते तो म्हैस काहीतरी चघळतेय!

"खाल्ल्यान! खाल्ल्यान!" सावंत नाचायला लागले. सावंतीण बाहेर आली, आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, आधी पाणी दाखवा तिका!"

चाळ गोळा झाली. जोशांनी हळूच विचारलं, "सगळी वही खाल्ली?"

"तुमचं पान आधी," मी म्हटलं.

"अरेरे! आता आकडे कोणाला आठवणार?" असं म्हणून जोशी जे हसले, तसे ते मुलगा मॅट्रिक पास झाला तेव्हाही हसले नव्हते.

डॉक्टर आले. शांतेला राहवेना. "डॉक्टर, खरंच हो हिच्या पोटात...?"

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "वासरू वगैरे काही नाही. पण आत गेलंय काहीतरी. काय खाल्लं हिनं?"

"अख्ख्या चाळीचो दानधर्म!" सावंत म्हणाले.

डॉक्टरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि बॅग बंद केली.

"हलका आहे. पचेल."