तिकिटाचं प्रस्थान

नागपूरहून हैदराबादला विमानाने पावणेदोन तास लागतात. मी कधी गेलो नाही, पण आकडा पक्का आहे!

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी कारंज्याच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. सासुरवाडी हैदराबादची. थोरल्या मेहुणीच्या लग्नाला पोचलो तेव्हा पंगत उठत होती, मधलीच्या वेळी मांडव! (मांडव सोडायला मात्र मी मनापासून हात लावला.) धाकटीच्या पत्रिकेवर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जावईबापूंनी सवडीने यावे.' हे मला फार लागलं. आता काही झालं तरी अक्षता गाठायच्याच!

बायको-मुलं आधीच गेली होती. मी विमानाचं तिकीट मागवलं. शाळेच्या नकाशावर सुतळी ताणली, अडीचशे मैलांहून थोडं जास्त भरलं. विमानाच्या वेगाने भागलं. पावणेदोन तास! सातवीच्या अख्ख्या वर्गाकडून ताळा करून घेतला.

लग्न शुक्रवारी, विमान गुरुवारी दुपारी. आई म्हणाली, "गुरुवारी दक्षिणेले कोनी जाते काय? दिशाशूल असते."

"आई, विमान वरून जातं!"

"वरून जाय नाही तं खालून जाय, दक्षिणेलेच जाते न? बुधवारीच परस्थान ठेव."

प्रस्थान म्हणजे चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, प्रवास सुरू झाला असं समजायचं आणि खरोखर निघताना ती उचलून पुढे जायचं. आईने लाल फडक्यात सुपारी, हळकुंड, तांदूळ घेतले. "आता यात एखादी कामाची वस्तू टाक," ती म्हणाली. मी पडलो मास्तर! सगळ्यात कामाची वस्तू टाकली आणि गाठोडं दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे, जनाबा माळ्याकडे, ठेवून आलो.

गुरुवारी पहाटे मोटारीचा भोंगा वाजला तसा मी पिशवी घेऊन पळत सुटलो. जनाबा वांग्यांची टोपली टाकून मागे धावला. "गुर्जी, थांबा न जरासे!"

"वेळ नाही जनाबा! विमान कोणासाठी थांबत नाही!"

मोटार सुटली. जनाबा लाल फडकं हलवत धावतच होता. केवढी ही माया! मी खिडकीतून रुमाल हलवला. तो जोरात हलवू लागला, मग मीही! गावाबाहेर पडेपर्यंत आमचं हे चाललं होतं.

नागपूरच्या विमानतळावर कारकुनाने हात पुढे केला. "तिकीट?"

मी खिसा चाचपला आणि ओरडलो, "जनाबा!"

"हे कोण?"

"आमचे शेजारी. तिकीट त्यांच्याकडे प्रस्थानाला ठेवलंय."

"तुमी निघाले अन् तिकीट काहून नाही निघालं?"

"तिकीट कालच निघालंय हो!" मी कळवळून सांगितलं.

यादीत नाव होतं, पण तिकिटाशिवाय ते सोडीनात. डोळ्यांदेखत विमान गेलं. पण हटणारा मी नव्हे! मिळेल ती आगगाडी धरली. हैदराबादला पोचलो तेव्हा नवी नवरी सासरी निघाली होती. माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. मला खरंच रडू आलं.

सासरे शांतपणे म्हणाले, "या जावईबापू. विमानाला किती वेळ लागतो हो?"

"पावणेदोन तास," मी म्हणालो.

हिशेब चुकला नव्हताच. अडीचशे मैल मी सुतळी लावून मोजले होते. आमच्या ओट्यापासून जनाबाच्या ओट्यापर्यंतची वीस पावलं तेवढी धरायची राहिली!