धुळ्याची खुर्ची आणि यांचे नसलेले चुलते

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणजे किती नव्हता, तर यांनी स्कूटरला बांधलेलं लिंबू मी सोडून वरणात पिळायचे. कुणी शेजारीण मनगटाला काळा दोरा बांधून आली की चहाआधी तिला भाषण मिळायचं. अशी आगाऊ बाई होते मी. तेव्हा खालचं वाचून "आजी, एकदा तपासून घ्या" असं लिहिणाऱ्यांनी कष्ट घेऊ नयेत. तपासलंय. सगळं नॉर्मल आहे.

हे आत्ता आठवलं ते नातीमुळे. पुण्यात तिने फ्लॅट भाड्याने घेतलाय आणि त्यात तिला 'व्हिंटेज' खुर्च्या हव्यात. सकाळपासून फोटोंवर फोटो... आजी, ही घेऊ की ती? मी लिहिलं – आधी उलटी करून बघ, सांधे हलतात का बघ, भोकांतून भुगा पडत असेल तर सोडून दे, वेताची वीण बोटाने दाबून बघ. आणि मुख्य म्हणजे बसून बघ. नुसतं टेकू नकोस, निवांत गप्पा मारत बस. हे शेवटचं मी केलं नव्हतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगावात पिंप्राळ्याला आमचं घर. दारातून आलं की हॉल, हॉलच्या टोकाला आत जायचा बोळ, बोळाला पडदा. मासिकांतले बंगल्यांचे फोटो बघून माझं डोकं फिरलेलं. चांगला धडधाकट सोफा मी देऊन टाकला आणि धुळ्याहून जुनं फर्निचर विकणाऱ्या एका माणसाकडून चार वेताच्या खुर्च्या आणल्या. "साहेबाच्या बंगल्यातल्या आहेत बाई," तो म्हणाला. त्याच्याकडचं सगळंच साहेबाच्या बंगल्यातलं होतं, पोळपाटसुद्धा. पण मी विरघळले.

टेम्पोतून खुर्च्या उतरल्या तेव्हा सासूबाई – आम्ही त्यांना अक्का म्हणायचो – ओट्यावर बसून बघत होत्या. "बठ्ठा लोक जुनं दीसन नवं लेतस, अन् हाई बाई नवं दीसन जुनं लई उनी!"

"अक्का, नवं देऊन जुनं नाही आणलं, अँटिक आहे ते."

"जुनंच शे ना?"

मी टेम्पोवाल्याचे पैसे द्यायला वळले.

त्यातल्या तीन खुर्च्या गुणी होत्या. चौथी, रुंद हाताची, सगळ्यात देखणी... तिच्यावर बसलेलं माणूस उठायचं. दचकून नाही हं. वडीलधारं कुणी आत आलं की आपण अंग सावरून उठतो ना, तसं. पेपर वाचता वाचता हे उठायचे, बोळाकडे बघायचे आणि मलाच विचारायचे, "कोण आलं गं?" शेजारीण दोनदा उठली आणि मग रागावून घरीच गेली. तिला वाटलं मी तिला घालवतेय.

मी म्हटलं, ढेकूण असतील. सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. वेत टोचत असेल म्हणून वीण नवी करून घेतली. उशी ठेवली. आणि एका दुपारी मी स्वतःच त्या खुर्चीसमोर उभी होते, डोक्यावर पदर घेऊन! साक्षात सासऱ्यांसमोर जिने पदर घेतला नाही, ती मी. अक्का भाजी निवडताना खुदकन हसल्या. इतका संताप आला म्हणून सांगू!

त्याच सुमारास वैशालीचं, आमच्या मुलीचं, जमत आलेलं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, दोघांचं आधीच ठरलेलं. "आई, हाच. नाहीतर कुणीच नाही," असं तिने मला बजावलं होतं. पण मुलाचे वडील रावेरकडचे केळीवाले, मोठे बागाईतदार, मानापानाला फार जपणारे. म्हणून बघण्याचा रीतसर कार्यक्रम ठरला. मी ती खुर्ची आतल्या खोलीत नेली, वर धुवायच्या कपड्यांचा ढीग रचला, यांना सांगितलं – हिला हात लावायचा नाही.

पाहुणे आले. नेमकं एक माणूस जास्त, खुर्ची कमी! मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं पेरतेय तोवर यांनी कपडे पलंगावर भिरकावले, खुर्ची बाहेर नेली, आणि सगळ्यात चांगली म्हणून बसवलं कुणाला? मुलाच्या वडिलांना.

मी पडद्याआडून बघतेय. ते बसले. बोलता बोलता थांबले, उठले, बोळाकडे बघून हात जोडले, "राम राम." मोठं माणूस उठलं म्हणून बाकीचेही उठले. सगळे बसले. परत उठले. परत सगळे उठले. हॉलमध्ये शाळेची प्रार्थना भरल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा उठले ते बसलेच नाहीत. चेहरा लाल. "चला, येतो आमी."

पोह्यांना हात न लावता! आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. वैशाली ट्रे घेऊन दारात उभी. तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुझ्या खुर्च्या, आई..." एवढंच म्हणून ती आत निघून गेली.

संध्याकाळी न राहवून मीच फोन केला.

"ताई, आमी शेतकरी मानसं," ते म्हणाले, "पन मान कळतो आमाले. घरातलं मोठं मानूस दारात उभं, मी तीन डाव उठलो, हात जोडले. तुमी त्याहिले बसा म्हटलं नाही का ओळख करून दिली नाही. ज्या घरात म्हताऱ्या मानसाले कोनी विचारत नाही, तिथली पोर आमी कशी करावं?"

"कोण मोठं माणूस?"

"आता काय सांगू! धोतर, काळी टोपी, काखेत छत्री."

माझे सासरे वारलेले, पण ते उंच, टक्कल मिरवणारे, आणि घरातून नेलेली छत्री कधी परत न आणणारे. हे कुणी वेगळेच. पण पलीकडे वैशाली पलंगावर तोंड फिरवून पडली होती. मी म्हटलं, "अहो ते होय! यांचे थोरले चुलते. कुणाशी बोलत नाहीत ते, बसतही नाहीत. स्वभावच तसा. आम्हाला सवय झालीय, म्हणून लक्षात आलं नाही. चुकलंच आमचं."

त्यांचा आवाज निवळला. "अस्सं होय. मग आधी सांगाचं ना ताई."

फोन ठेवला तर हे मागे उभे. "मला कुठे चुलते आहेत?"

"आता आहेत," मी म्हटलं. "खुर्ची बाहेर कुणी काढली?"

लग्न ठरलं. आणि माझ्या मागे नवा ताप लागला. दर फोनला, "थोरल्यांना नमस्कार सांगा." पत्रिकेत त्यांचं नाव का नाही? मला नावही सुचेना! लग्नात पहिला टोपी-टॉवेलचा मान त्यांचाच, असं व्याह्यांनी जाहीर करून टाकलं. मी ठरवलं, ऐनवेळी त्यांना ताप आला म्हणून सांगायचं. खोटं उघडं पडलं असतं तर मांडवातच तमाशा झाला असता.

लग्नाच्या दिवशी मानपानाला सुरुवात झाली. मी मनात वाक्य जुळवत व्याह्यांना शोधतेय, तर ते समोरूनच आले, रिकाम्या हाताने, खुशीत.

"दिला बुवा मान. पायाही पडलो. बसा म्हटलं तर नाहीच बसले!"

"कुणाला?"

"थोरल्याहिले. ते काय, मांडवाच्या दाराशी. छत्री घेऊन उभे होते."

मी शालू सावरत पळत सुटले. दाराशी केळीचे खांब, आणि जेवणाची टेबलं लावणारी माणसं. बाकी कुणी नाही.

हे म्हणतात, लग्नात म्हातारे काय कमी असतात, घेतली असेल कुणीतरी टोपी. असेलही. मी दोन्हीकडच्या एकेका म्हाताऱ्याला विचारलं, कुणाला मिळाली नव्हती. व्हिडिओत व्याही वाकलेले दिसतात आणि सरळ होतात तेव्हा हात रिकामे. समोर कोण होतं ते केळीच्या पानाआड गेलंय. त्या फोटोग्राफरला मी अजून माफ केलेलं नाही.

खुर्ची हॉलमध्येच आहे. विकायला काढली तर गिऱ्हाईक बसून बघतं आणि उठून जातं. वैशालीचा संसार छान चाललाय, तिला विषय काढलेला आवडत नाही. पण व्याही दर दिवाळीला फोन करतात आणि सगळ्यांची खुशाली झाली की शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "थोरले बरे आहेत ना?"

पहिली काही वर्षं मी हे खोटं समजून बोलायचे. आता मलाच नक्की ठाऊक नाही. मी म्हणते, "बरे आहेत. बसत मात्र नाहीत अजून."