जावळाचं घोंगडं

नव्या घोंगड्याचा, त्यातल्या चिंचोक्याच्या खळीचा वास आला की मला वेल्ह्याची कचेरी आठवते. काश्मिरात सरहद्दीपलीकडून चौकीवर छापा पडला आणि फौजेतला माझा थोरला भाऊ पकडला गेला, एवढंच पासलीच्या वरच्या आमच्या धनगरवाड्यावर कळलं होतं. त्याला सोडवायची आईला एकच वाट ठाऊक होती, कचेरीची. आम्ही मायलेकी डोंगर उतरून जायचो आणि तिथला साहेब म्हणायचा, "अर्ज वर गेलाय." दिवाळीच्या कातरणीला बानं कोकरांची पहिली, मऊ लोकर, जावळ म्हणतात ती, काढली आणि भावासाठी घोंगडं विणून घेतलं. "ठेवून जा, कैद्यांना पोचतं," साहेब म्हणाला. पुढच्या खेपेला तेच घोंगडं, बानं सांगून घालून घेतलेल्या पांढऱ्या काठाचं, साहेबाच्या बुडाखाली होतं. मी बोलणार तोच आईनं माझा दंड आवळला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बसू दे त्येला. कागूद त्येच्याच हातात हाय. आन् तुज्या बाला सांगू नगंस." पुढं दोन्हीकडचे कैदी अदलाबदलीत सुटले, त्यात भाऊही हाडांचा सापळा होऊन परतला. सगळा वाडा जमलेला. बानं आधी विचारलं, "घोंगडं पोचलं का रं?" भावाला कसलं घोंगडं ते ठाऊकच नव्हतं. त्यानं बाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "पोचलं की. लई ऊब व्हती." आई चुलीपुढून उठली नाही. बदली होईस्तोवर दर दसऱ्याला बा त्या साहेबाच्या दारात एक कोकरू बांधून येत होता, आणि आम्ही तिघं त्याला जाऊ देत होतो. आता तिघांतली मीच उरलेय.