बाभळीच्या डिंकाने चिकटवलेली गळाची काठी

गंगाखेडचा घाट, पौषातली सकाळ, आणि मी बनवलेली गळाची काठी साहेबांच्या हातात... तिसऱ्या फेकीला तिच्या सहा कांबी सहा दिशांना सुटल्या. धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून बेजार झाल्या. मला गोदावरीत उडी मारावीशी वाटली, पण पोहता येत होतं, त्यामुळे तोही इलाज नव्हता.

सांगतोय मी, टाइप करतेय नात. गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची, निजामाच्या राज्यातली. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो... आता वयाचा हिशेब तुम्हीच करा.

साहेब म्हणजे रेल्वेच्या पुलावरचे इंजिनियर, हैद्राबादचे. ते गळाला गांडूळ लावत नसत. कोंबडीच्या पिसाची खोटी माशी करून ती लांबवर पाण्यावर फेकायचे, आणि त्यासाठी काठी चाबकासारखी लवचीक लागायची. त्यांची विलायती काठी मोडली, आणि लढाई चालू असल्यामुळे दुसरी येईना.

आमच्या किराणा दुकानात त्यांनी तो मोडका तुकडा दाखवला. बांबूच्या सहा तीनकोनी कांबी, एकमेकींना अशा चिकटवलेल्या की फट दिसत नाही... "मी करून देतो," असं मी बोलून बसलो. कुणी विचारलं नव्हतं.

आता आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, घरात मासा कुणी आणलेला नाही. साहेब म्हणाले होते सरस लावा, पण सरस जनावराच्या कातड्यापासून करतात, तो उंबऱ्याच्या आत आणायची सोय नाही. मग मी आईच्या डब्यातला बाभळीचा डिंक काढला... बाळंतिणीच्या लाडवांत घालतात तोच!

काठी वाळून अशी कडक झाली की मी ती गावभर मिरवली. डिंक पाण्यात विरघळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्या सात पिढ्यांत कुणी पाण्यावर काठी चालवलेली नाही. मला ते सुचलंच नाही.

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "छोड देव मियाँ, नै होता तुमसे," एवढंच म्हणाले. घरी अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, फर्मान काढलं. "एक हिवाळा वाया घालवलास. अजून एक देतो. न्हाई जमलं तर पाडव्यापासून दुकानाच्या गादीवर बसायचं, अन् काठीचं नाव काढायचं न्हाई."

मी मनात म्हटलं, बघतोच. बांबू तोडायचा तो हिवाळ्यात, अंधाऱ्या पंधरवड्यात, नाहीतर भुंगा लागतो. तो तोडून वाळेपर्यंत हा हिवाळा सरणार, म्हणजे वर्षभर थांबणं आलं... थांबलो.

दिवाळी झाल्यावर गिरजामावशींच्या दारात जाऊन बसलो. त्या बुरूडीण, सुपं-टोपल्या विणायच्या. पहिले बारा-पंधरा बांबू मी वाया घालवले, तेव्हा त्यांना राहवेना. "जोर लावू नगं लेकरा. कांब कुठं जायलीय ते बघ, अन् सुरी तिच्यामागं जाऊ दी."

कांबी जमल्या. पण चिकटवायचं कशानं? राळ वितळवून लावली, वाकवल्याबरोबर तडकली. लाख लावली, तीही तडकली. संक्रांत झाली, माझ्या हातात काहीच नाही, आणि पाडवा दोन महिन्यांवर...

मावशींना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "सुपाला कुणी चिकटवतंय व्हय? आवळून बांधत्यात!" मी बसल्या जागेवरून ताडकन उठलो.

मग रेशमाचा दोरा घेतला आणि बुडापासून टोकापर्यंत काठी आवळत गेलो, वेढ्याला वेढा लावून. बोटं कापली, तीन आठवडे गेले. वरून राळ आणि जवसाचं तेल उकळून केलेल्या रोगणाचे सात हात दिले. मग काठी दोन दिवस बैलांच्या हौदात बुडवून ठेवली. बैलांनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही, आणि आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण काठी सुटली नाही.

माघ सरता सरता साहेबांना पुन्हा घाटावर नेलं. बघतो तर वरच्या पायरीवर अप्पा! नदीकडे पाठ करून उभे, माशाचा जीव जाताना बघायचा नाही म्हणून. मला वाटलं, माझी फजिती ऐकायला आलेत.

साहेबांनी माशी फेकली. दहाव्या का बाराव्या फेकीला खालून असा हिसका बसला की काठीचा अर्धा गोल झाला...

"सुटली का रं?" अप्पांनी मान न वळवता विचारलं.

"न्हाई अप्पा."

"वाकली?"

"लय वाकलीय."

"बांध बघ. बांध धरून हाय का बघ नीट." तेव्हा मला कळलं, ते माझी फजिती ऐकायला आले नव्हते.

मासा निघाला. कुठला ते विचारू नका, मी काठीवरून नजर हलवली नव्हती. साहेबांनी काठी माझ्या हातात दिली आणि पाठ थोपटली. अप्पांनी तसंच पाठमोरं उभं राहून हात मागे केला. मी काठी त्यांच्या हातात ठेवली. बुडापासून टोकापर्यंत त्यांनी प्रत्येक वेढ्यावरून अंगठा फिरवला.

"मासा साहेबांचा. काठी आपली," म्हणाले, आणि दुकान उघडायला निघून गेले.

नंतर बऱ्याच काठ्या केल्या, दर हिवाळ्यात एक. अप्पांना ते काम शेवटपर्यंत पटलं नाही. पण न पटलेल्या कामासाठी ते त्या थंडीत येऊन उभे राहिले होते... माझ्या पोरांच्या, मला न पटलेल्या किती गोष्टींसाठी मी असा जाऊन उभा राहिलो, हे नात विचारतेय. तिला म्हटलं, हाही प्रश्न टाइप कर.